वहिनींनी भाऊजींना काढलं

आमच्या समोरच्या मशीनवाल्या वहिनींनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, ही बातमी दूधवालीने जिन्यातच फोडली. मी हातातली केरसुणी टाकून धावले. पाहते तर भाऊजी आपल्या खुर्चीत, पाय पसरून, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. घराबाहेर नव्हे हो, ग्रुपबाहेर काढलं होतं!

वहिनी शिलाई मशीन दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत कायम दोन-तीन मशीन पोट उघडून पडलेल्या, आणि खिडकीत वहिनींचा फोन. त्यावर त्यांचा ग्रुप, शिवणाऱ्यांच्या अडचणींचा. तिथे नुसतं ‘मदत करा’ लिहिलेलं चालत नाही, काय बिघडलंय ते लिहायचं. मशीन सुरू झाली की कशाने झाली ते येऊन सांगायचं. आणि नवख्याला हसायचं नाही. यात वहिनी सासूपेक्षा कडक.

आदल्या दिवशी एका नव्या बाईने विचारलं, “धागा सारखा तुटतो. पहिलंच काम मिळालंय, परवा द्यायचंय. काय करू?”

भाऊजी पोस्टात खिडकीवर बसतात. दिवसभर लोकांवर खेकसायची सवय, ती घरी आल्यावर थोडीच सुटते? त्यांनी ठोकलं, “आधी चष्मा लावा, मग सुई लावा!” खाली हसरे चेहरे धडाधड पडले. बाईने प्रश्न पुसून टाकला. वहिनींनी तिला वेगळा निरोप पाठवला, त्यालाही उत्तर नाही. बाईचं पहिलंच काम हातचं जाणार, म्हणून वहिनींनी भाऊजींनाच ग्रुपातून काढून टाकलं.

“अगं, मला बाहेर काढलंस?” भाऊजी ओरडले, ते दूधवालीने ऐकलं.

“हो. परत यायचं तर सगळ्यांसारखं या. आत येताना आपली एक फजिती लिहायची, माहितीये ना?”

“घरच्या माणसालासुद्धा?”

“तुम्हाला दोन लिहायला हव्यात!”

तासभर कुरकुरून भाऊजींनी लिहिलं, की आपण एकदा मशीनला डोक्याचं तेल घातलं, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर डाग पाडले आणि वर दोष मशीनला दिला. खाली त्या बाईची माफी मागितली, नीट, थट्टा न करता.

थोड्या वेळाने बाई ग्रुपवर उगवली. “भाऊ, मशीनचे केस वाढले का? माझा धागा अजून तुटतोय.”

वहिनींनी फोन हातातून खाली ठेवला नाही. तिच्याकडून फोटो मागवले, एकेक गोष्ट तपासून घेतली. संध्याकाळी बाईने लिहिलं, “जमलं! सुईच उलटी बसवली होती. उद्या कपडे देते.”

भाऊजी खुर्चीतून ताडकन उठले. “बघ! मी काय सांगत होतो?”

मला कुठलं गप्प बसवतंय! म्हटलं, “वहिनी, भाऊजींचं उत्तर तर बरोबरच होतं की हो!”

वहिनी सुईत धागा ओवत म्हणाल्या, “बरोबर होतं म्हणून नुसतं ग्रुपातून काढलं. चुकलं असतं तर दूधवालीची बातमी खरी केली असती.”