उलट्या बाणाचं चाक

नातीची मोटारसायकल पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ही घोडी कोणी उपाशी ठेवली बाप्पा?" उंच, सडपातळ, पोटाखाली एवढी मोकळी जागा की कोंबडी पिलांसकट आरपार जावी. पुढचं चाक मोठं, मागचं जरा लहान. डांबरावरही चालते आणि रानातही, असं नात म्हणाली. गाडी जुनीच घेतलेली. इंजिन ठणठणीत होतं, पण दोन्ही टायर माझ्या टाचांसारखे भेगाळलेले. ते बदलल्याशिवाय कामावर जायचं नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं.

तिचं काम गुरांच्या डॉक्टरकीचं. गावोगाव जायचं, जनावरांना सुया टोचायच्या, अडलेली गाय सोडवायची. तिच्या वाट्याला आलेली अर्धी गावं सडक अर्जुनीच्या बाजूची, ट्रकांच्या मोठ्या रस्त्याला लागून. उरलेली अर्धी आमच्या गावाच्या मागे, नाल्यापलीकडे. नाल्यापर्यंत मुरमाची सडक, नाल्यात चिखल, आणि पलीकडे चढून गेलं की रानवाट. त्या वाटेवर तिचे आजोबा गाडीवरून पडून गेले, एवढं तिला ठाऊक होतं. कसे गेले ते मी घरातल्या पोराबाळांना सांगितलं नव्हतं, आणि त्यानंतर मी नाला ओलांडलेला नव्हता. आता ही पोरगी एकटी तिथून येणार-जाणार होती. नोकरी सोड म्हणणं मला शोभलं नसतं. म्हणून मी म्हणाले, टायर घ्यायला मीपण येते.

"तू कायले येऊन राहिली आजी? टायर घ्याचे आहेत, लुगडं नाही."

"लुगडं निवडता येते त्याले टायरही निवडता येते. पोत पाहाचा, अन् किती धुण्यांत फाटन ते विचाराचं."

सडक अर्जुनीच्या त्या दुकानात ट्रकच्या टायरांच्या उतरंडी लागलेल्या. दुकानदार अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारा. "अम्माजी, बैठो," म्हणून त्यानं मला एका आडव्या टायरवरच बसवलं. मग नातीसमोर तीन नमुने मांडले. पहिला रस्त्याचा, बारीक नक्षीचा. हा खूप चालतो, पण ओल्या मातीत नक्षी भरून जाते आणि चाक साबणासारखं घसरतं. दुसरा मोठमोठ्या ठोकळ्यांचा, कारल्याला लाजवील असा खडबडीत. चिखलात हा पक्का, पण डांबरावर झरझर झिजतो आणि वळणावर अंग चोरतो. तिसरा दोघांच्या मधला.

"मधलाच बरा," मी म्हणाले. "दोन्ही घरी जेवाचं असन त्यानं कोणाशीच भांडू नये."

नात हसली, पण ऐकलं नाही. तिनं विचार करून ठेवला होता. पुढे मधला घ्यायचा, मागे ठोकळ्यांचा, कारण चिखलातून गाडी ढकलतं ते मागचं चाक. ट्यूबचंही तिनंच ठरवलं. चाकं तारांची, म्हणजे ट्यूब लागणारच. ती जाड घ्यायची, दगडावर चाक दबलं तरी चिमटा बसून फाटणार नाही अशी. जवळ एक जादा ट्यूब ठेवायची, तीही पुढच्या मोठ्या चाकाची, कारण अडीनडीला ती मागच्या लहान चाकात कोंबता येते; मागची पुढे ताणून बसवता येत नाही. मला हे फार आवडलं. माझ्या मनात आलं, पोरगी पडायच्या आधी उठायची तयारी करून राहिली आहे.

मग ती दुकानदाराला सहज म्हणाली, "मागचा टायर लवकर झिजतो म्हणतात. पण अर्धा झिजला की काढून उलटा बसवला तर आणखी चालते नं? ठोकळ्याची दुसरी धार कामाले येते."

"चलता है," तो म्हणाला. "बाण उलटा होतो, बस. इकडे बहुत लोक करतात."

"नाही," मी म्हणाले.

एवढ्या जोरात म्हणाले की बाहेर हवा भरत असलेला ट्रकवालाही आत बघायला लागला.

"काऊन नाही?" नातीनं विचारलं.

आणि त्या टायरवर बसल्या बसल्या मी तिला सांगितलं.

आमचे मालक, म्हणजे हिचे आजोबा, मोहाची फुलं, लाख, चिंच असा रानातला माल गावोगावहून उचलून व्यापाऱ्याला घालायचे. त्यांच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाला तिरप्या नक्षीचा टायर होता, ट्रॅक्टरला असतो तसा, दोन्हीकडून येऊन मधे टोक होणारा. असा टायर गावात एकच. ओल्या मातीत त्याचा माग उमटला की टोक ज्या बाजूला, त्या बाजूनं गाडी आली, हे शेंबडं पोरही सांगायचं. आमच्या गावचे लोक रानाकाठचे. सांबर कुठून आलं, अस्वल कधी गेलं, हे मातीत वाचणारे. आणि त्या सगळ्यांत शहाणी मी. माझे वडील जंगलखात्यात चौकीदार होते, त्यामुळे माग वाचणं जणू मला हुंड्यात मिळालेलं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. नाल्याच्या अलीकडेच, शेजारच्या गावी मंडई. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवसा जत्रा, दंडारीचा नाच, पाहुणे, आणि रात्रभर नाटक. मालक सकाळी गुरं सुटायच्या आधी घरून निघाले. दुपारपर्यंत येतो, मग तुला मंडईला नेतो, म्हणाले. तेव्हाची मी म्हणजे काय नमुना होता! दुपारी नवं पातळ नेसून, पावडरीचा डबा अर्धा तोंडावर उपडा करून, पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी मी दारात उभी. तिसऱ्या प्रहरापर्यंत ते आले नाहीत, तेव्हा मी दिराला घेऊन नाल्यावर गेले.

नाल्यात सकाळच्या गुरांचे खूर उमटलेले होते, आणि त्या खुरांवर चाकाचा एकच स्वच्छ माग. टोक पलीकडे, रानाच्या बाजूला.

"पाह्य वहिनी," दीर म्हणाला, "दादा येऊन गेला. जाताचा माग खुरांखाली पुसला. हा परतीचा. पण घरी नाही आला, म्हणजे सडकेच्या फाट्यावरूनच मंडईले गेला."

मुरमाच्या सडकेवर पुढे माग उमटत नव्हता, पण कोणाला शंका आली नाही. येता-जाता चौघांनी वाकून पाहिलं, चौघांनी तेच सांगितलं. मी तर जमिनीवर बसून, बोटानं टोक चाचपून, चौकीदाराच्या लेकीला शोभेल असा गंभीर चेहरा करून पाहिलं. आणि मग जी काय पेटले! मला सोडून मंडईला गेले! घरी येऊन पातळ फेकलं, त्यांच्या वाटचे वडे एकटीनं खाल्ले, आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, आता आले तर दार उघडणार नाही. झोपही छान लागली. रागात पोटभर खाल्लं की लागतेच.

संध्याकाळी गुरं परतली आणि नाल्यातला माग पुसून गेला.

सकाळी नाटक पाहून लोक तांबारलेल्या डोळ्यांनी गावात आले. मालकांना कोणीच पाहिलं नव्हतं. मग शोधाशोध सुरू झाली, पण तीही मंडईच्या वाटेनं, तिकडच्या तळ्यात, तिकडच्या बोड्यांत, म्हणजे शेतातल्या छोट्या तलावांत. ते नाल्याच्या अलीकडे आलेत हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना. पलीकडे कोण कशाला जाईल? दुपारी सरपणाला गेलेल्या एका बाईनं त्यांना पाहिलं, पलीकडच्या रानात, वाटेखालच्या घळीत. तोवर ते गेले होते. पडल्यावर बराच वेळ जिवंत असावेत, असं डॉक्टर म्हणाले. बराच म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

गाडी घरी आणली तेव्हा दिराला दिसलं. मागच्या टायरच्या अंगावर बाण असतो, चाक कुठल्या बाजूला फिरायचं ते सांगणारा. तो उलटा होता. टायर झिजला म्हणून मालकांनी आठवड्यापूर्वीच तो फिरवून बसवून घेतला होता. त्यात हवा कमी होती. रानातल्या चढावर टायर रिमवर सरकला, त्यानं ट्यूब ओढली आणि हवा भरायच्या तोंडाशीच ती फाटली. आणि नंतर कळलं, सकाळी घरून निघाले तरी ते गावाबाहेरच्या एका खळ्यावर गप्पा मारत बसले होते, आणि गुरांच्या मागून नाल्यात उतरले होते. म्हणजे तो माग जातानाचाच. ते पलीकडे जात होते आणि माती आम्हाला सांगत होती, आले.

पुढे विहिरीवर बायका म्हणायच्या, हडळीची पावलं उलटी असतात. मी म्हणायची, आमच्या मालकांची चाकंच उलटी आहेत, बोला! बायका घागरी उचलून चालू लागायच्या. पण खरं सांगते, ते गेल्यावर कितीतरी वर्षं नाल्याच्या चिखलात रानाकडे टोक केलेला कुठलाही माग दिसला, ट्रॅक्टरचा असो की आणखी कशाचा, की माझे पाय घराकडे वळायचे. भरभर यायची. अंगणात बघायची, परसात बघायची. कोणी नसायचं. मग मीच स्वतःला म्हणायची, मंडईला गेले असतील.

एवढं सांगून झालं. दुकानदारानं उगीच कापडानं एक टायर पुसला. नात माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"हे तू बाबालेही नाही सांगितलं?"

"तुझ्या बापाले सांगतलं असतं तर त्यानं सायकलही नसती घेऊ दिली तुले."

ती उठली आणि दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, टायर बाणाप्रमाणे बसवा. झिजला की नवीन घेईन. अन् मागच्या रिमवर तो आतला चिमटा लावा, टायर सरकू नये म्हणून." ट्यूब आत सारण्याआधी त्यानं टायरमध्ये पावडर शिंपडली, घासून ट्यूब फाटू नये म्हणून. मी म्हणाले, आमच्या घरात पावडर कुठे थापावी हे उशिराच कळते. नात तोंड दाबून हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. बाण मी स्वतः पाहिला. दोनदा. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा दुकानदार म्हणाला, "अम्माजी, आता तो हलत नाही."

सोमवारी ती नाल्यापलीकडे गेली. सकाळभर मी घरातच होते. दुपारी जेवण झाल्यावर मात्र हळूच काठी घेतली आणि मुरमाच्या सडकेनं नाल्यावर जाऊन बसले. चिखलात ठोकळ्यांचा माग होता, कोऱ्या टायरचा, इतका नीट की साच्यातून काढावा. माझी नजर आता अंधूक, पण हा माग वाचायला नजर लागत नव्हती. ठोकळ्यांचं टोक गावाकडे. गेली आहे. परतीचा माग नाही. आली नाही.

मला वाटलं होतं, टायर खरं बोलला की जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. त्या खोट्या मागानं मला निदान एक अख्खी दुपार रुसून बसू दिलं होतं, वडे खाऊ दिले होते. या खऱ्या मागानं काहीच करू दिलं नाही. काठी धरून बसून राहिले. पलीकडे सागाची पानं वाजत होती, कोणी येत असल्यासारखी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती आली. चाकं मातीनं माखलेली, हाताला शेणाचा वास.

"आजी! इथं कायले येऊन बसली?"

"हवा खाऊन राहिली."

"नाल्याची?"

"तुझ्या बापाची आहे का हवा?"

ती हसली आणि मागे बस म्हणाली. मी म्हणाले, तू हो पुढं, चहा ठेव, मी येते सावकाश. ती गेली. मुरमावर तिच्या गाडीचा आवाज गावापर्यंत ऐकू आला आणि आमच्या दारात थांबला.

मी उठले नाही. तोंड पलीकडेच होतं, मालक गेले त्या वाटेकडे. पोरगी घरी पोचली होती, चहा निवत असणार, हे सगळं कळत होतं. तरी म्हटलं, आलोच आहोत, तर थोडं आणखी बसावं.