रिकामं आणि ‘नाही’

बिराजदार सर सकाळी ऑफिसात आले की चहाच्या आधी डेटाबेसमधली एक नोंद उघडायचे आणि वरपासून खालपर्यंत वाचायचे. नोंद म्हणजे कुणातरी रुग्णाची माहिती, महिरपी कंसांत कोंबलेली. लोक पेपर वाचतात तितक्या निवांतपणे ते अनोळखी माणसाचा रक्तदाब वाचत. कशाला, असं मी एकदा विचारलं. “आधी बघावं की, ताई. घरात काय हाय ते न बघता बाजारात जाता व्हय?”

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये आमची सहा जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. सर वयाने सगळ्यांत मोठे, मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, बाहेर मराठी. कपाळावरची विभूती संध्याकाळपर्यंत टिकायची, आवाज कधी चढायचा नाही आणि मत कधी बदलायचं नाही.

एका सर्जनच्या हॉस्पिटलचं काम आलं. प्रत्येक रुग्णाची नोंद वेगळ्या आकाराची, म्हणून डॉक्युमेंट डेटाबेस घ्यायचा, इथवर सगळ्यांचं जमलं. भांडण पुढे झालं. त्या डेटाबेसशी बोलायचं कसं? माझं म्हणणं, मधे एक तयार थर घालू. कुठल्या रकान्यात काय येणार हे त्याला एकदा सांगून ठेवलं की तो वेडंवाकडं काही आत जाऊ देत नाही. सर म्हणाले, थेट क्वेरी, म्हणजे डेटाबेसच्याच भाषेतली आज्ञा, लिहू. “अक्कलकोटला गेलो की मी कन्नडच बोलतो. मधे दुभाषी कशाला? त्यो विचारलं तेवढंच सांगतो, बाकीचं त्याच्यापाशीच राहतंय.” हे खरंच होतं. हॉस्पिटलने चाचणीला दिलेल्या नोंदींत एका नर्सने आपल्या मनाने वेगळा रकाना करून ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही’ असं लिहिलं होतं. माझ्या थराला तो रकाना माहीत नव्हता, त्यामुळे तो दाखवतच नव्हता. सरांनी तो मला उघडून दाखवला आणि मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तीन आठवड्यांच्या वादानंतर मालक म्हणाले, दोन्ही ठेवा.

एके दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. उद्या ऑपरेशन असलेल्या नव्या पेशंटचा, अमुक नंबरच्या नोंदीतला मोबाइल चुकलाय, बदला. मालक दुसऱ्या कामासाठी सरांच्या डोक्यावर उभे होते. सरांनी नोंद न बघताच क्वेरी मारली. ‘एवढंच बदल’ असं सांगणारा त्यात एक छोटा शब्द लागतो. तो राहिला, की आमचा डेटाबेस जुनी नोंद फेकून नवीन ठेवायचा, काही न विचारता. सरांनी मग नोंद उघडली. नाव गेलं होतं, वय गेलं होतं, कुठल्या औषधाचा त्रास होतो तेही गेलं होतं. उरला होता फक्त मोबाइल नंबर, आणि तो बरोबर होता.

बॅकअप आदल्या रात्रीचा. रुग्ण त्याच सकाळी पहिल्यांदा तपासून घरी गेलेला, म्हणजे त्याची नोंद बॅकअपमध्ये नाही, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. कागदी केसपेपर बंद करा, असा सल्ला आम्हीच दिला होता.

मालक माझ्याकडे वळले. “हॉस्पिटलला कळता कामा नये. नंबर आहेच, नाव विचारून भरा. औषधाच्या रकान्यात ‘नाही’ टाका. नव्वद टक्के लोकांना काही नसतंच.”

मी टाइप केलं. खोटं कशाला बोलू? माझ्या थरातून बदल केला असता तर हे घडलंच नसतं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. सेव्ह करणार तेवढ्यात सरांनी कीबोर्ड उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“रिकामं असलं तर डॉक्टर विचारतील,” ते मालकांना म्हणाले. “‘नाही’ दिसलं तर विचारणार न्हाईत.”

मग त्यांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, तुमच्या उद्याच्या एका पेशंटची नोंद माझ्या हातून पुसली गेली. कुठला पेशंट, असं डॉक्टरांनी विचारलं; नंबरावरून नाव सांगणारी नोंदच उरली नव्हती. “तेच शोधतोय,” सर म्हणाले.

पुढचा फोन त्या उरलेल्या नंबरवर. “मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्यांकडून बोलतोय. आपण कोण?”

“फोन तुम्ही केला आणि मलाच विचारता कोण म्हणून?” पलीकडून बाईंचा आवाज आला. “ओटीपी देणार नाही मी.”

“ओटीपी नको, बाई. कुटं येऊ तेवढं सांगा.”

“नवी पेठेत, शमीम टेलर. या हिंमत असेल तर.”

मी त्यांना गाडीवर घेऊन गेले. दुकानात शमीमआपा आणि आमची वाट बघत असलेले सहा-सात शेजारी होते. सरांनी चपला बाहेर काढल्या, स्टुलावर बसून आपली चूक पहिल्या शब्दापासून सांगितली आणि एकेक प्रश्न विचारत वहीत लिहून घेतलं. औषधाचं विचारल्यावर आपांनी शिलाई थांबवली. “सकाळी सांगितलं की नर्सबाईंना. एका इंजेक्शनने तोंड हे एवढं सुजलं होतं. श्वास घेता येईना. पोरं रडायला लागली होती.” पर्समधून जुनी चिठ्ठी काढून त्यांनी नाव दाखवलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि तिथूनच डॉक्टरांना कळवलं. मी स्टुलाच्या मागून निघून बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “ताई, माझा लिहायचा अधिकार काढून घ्या. वाचायचा तेवढा ठेवा. लिहीन ते तुमच्या थरातनं.” मी काढला. तीन आठवडे भांडून हवं होतं ते असं मिळालं.

चार वर्षांनी सर निवृत्त होऊन गावी निघाले. निरोपाचं आटोपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. इतक्या वर्षांत त्या दुपारी मी काय केलं याबद्दल त्यांनी मला किंवा दुसऱ्या कुणालाच एक अक्षर बोलून दाखवलं नव्हतं.

“सर, त्या दिवशी मी ‘नाही’ टाइप केलं होतं.”

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “कुटं? मी रोज वाचतो की सगळं. रेकॉर्डात तर कुटं दिसलं न्हाई.”