लग्नातला हार

आमचं केजला किराणा-भुसाराचं दुकान आहे. ते आता माझे मिस्टर बघतात आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसतात. लग्न होऊन मी नांदूरघाटहून इथं आले तेव्हा अप्पा माझ्याशी दिवसातून दोन-चार वाक्यं बोलत. चहा झाला का, लाइट कधी गेली, एवढंच. राग नव्हता. सुनेशी काय बोलावं हेच त्यांना सुचत नसे. गिऱ्हाईक आलं की मात्र तुरीच्या डाळीवर तासभर बोलत.

फुलं दाबून वाळवायचा नाद मला मोबाइलवर बघून लागला. वाळलेल्या फुलांची भेटकार्डं करायची, छोट्या फ्रेमी करायच्या. घराच्या गच्चीवर सासूबाईंनी तेलाच्या डब्यांत गोकर्ण, अबोली, बोगनवेल लावलेली होती, त्यामुळं फुलांना तोटा नव्हता. पहिल्यांदा मी ती वर्तमानपत्रात घालून गादीखाली ठेवली. मिस्टरांनी झोपेत कूस बदलली की कागद सरकायचे आणि सकाळी फुलांचा चुरा हाती यायचा. मग मी कागदांची चवड ओसरीत ठेवून वर वरवंटा ठेवला. तो घरंगळून अप्पांच्या पायाशी गेला.

"काय चाललंय हे?"

"फुलं दाबायलेय, अप्पा."

त्यांनी वरवंटा उचलून भिंतीशी ठेवला. संध्याकाळी दुकानातून येताना पिशवीत तराजूची लोखंडी मापं घेऊन आले. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती पोत्यांमागं पडून होती. त्यांनी चवडीवर एक फळी ठेवली, फळीवर मापं मांडली आणि हात झटकून आत गेले. दुसऱ्या दिवशी फुलं बघायला माझ्या आधी तेच उठले होते.

तेव्हापासून फुलांचं पाणी पिऊन ओले झालेले कागद बदलायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. फार हळू करत. हातात फूल धरून ते जुन्या पेपरातली बातमी वाचत उभे राहत आणि मला म्हणावं लागे, "अप्पा, फूल आकसायलंय."

मग उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न झालं. ती त्यांची एकुलती एक लेक. दिलं सोलापूरला. पाठवणीच्या वेळी सगळे रडले. अप्पा तेवढे मंगल कार्यालयात खुर्च्या मोजून घेतो म्हणून निघून गेले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत फुलांचा हार होता. गुलाब, निशिगंध, पांढरी शेवंती आणि मधेमधे जर.

"स्टेजवर खुर्चीला अडकवलेला राहिलता," ते म्हणाले. "पोरीच्या गळ्यातला हाय. याचं काई होईल का?"

असली जाड, पाणीदार फुलं नीट वाळत नाहीत हे मला माहीत होतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी म्हणाले, "बघू की."

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. घाईत मी हारातली फुलं कागदांत घालून ती चवड कूलरजवळ ठेवली. पाहुणे गेल्यावर उघडली तर कूलरच्या दमट वाऱ्यानं निशिगंध काळा पडलेला आणि शेवंतीवर पांढरी बुरशी. अप्पा शेजारी बसून बघत होते.

"न्हाई जमायचं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

निशिगंध टाकूनच द्यावा लागला. उरलेल्यात जे धड होतं ते आम्ही वेचून काढलं. शेवंतीची फुलं मी ब्लेडनं उभी चिरून अर्धी केली. गुलाबाची एकेक पाकळी अप्पांनी सुटी करून कागदावर मांडली. सगळं वरच्या कोरड्या खोलीत नेलं. तिथं पत्र्यामुळं लई उकडायचं. तरी रोज दुपारी आम्ही दोघं तिथं बसून कागद बदलायचो.

त्या खोलीत अप्पा बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, पाकळ्यांकडं बघत. लेक शाळेतून थेट दुकानात यायची, गुळाच्या ढेपेजवळ बसायची आणि गिऱ्हाइकांसमोर गूळ कोरून खायची. तांदळाच्या पोत्यावरच झोपून जायची आणि तिला खांद्यावर टाकून घरी आणताना तिच्या केसांतून दाणे पडायचे. एकदा ते म्हणाले, "दुकानातून घरी यायचं म्हणलं की पाय उचलत न्हाई आता." मी त्यांच्यासमोर पुढचा कागद सरकवला. मीही कुणाची तरी लेक होते आणि माझे वडीलही असंच काही कुणाला सांगत असतील, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

पाकळ्या वाळून गडद झाल्या, जवळजवळ जांभळ्या. शेवंतीला हस्तिदंतासारखा रंग आला. जाड पांढऱ्या कागदावर मी त्यांचा अर्धगोल हार मांडला, चिमट्यानं एकेक पाकळी डिंकात टेकवली. अप्पांनी त्याला बाजारातून काचेची फ्रेम करून आणली.

नागपंचमीला नणंद माहेरी आली. अप्पांनी तिचा चहासुद्धा होऊ दिला नाही, फ्रेम आणून तिच्या मांडीवर ठेवली. "तुझ्या लग्नातला हार," म्हणाले.

तिनं काचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "लई सुरेख झालंय, वैनी. पण अप्पा, माझ्या हारात शेवंती नव्हती. नुसते गुलाब अन् निशिगंध होता."

सासूबाईंनी मोबाइल मागून घेतला आणि लग्नाचे फोटो सरकवत गेल्या. व्याहीभेटीच्या फोटोपाशी त्या थांबल्या. व्याह्यांना मिठी मारताना अप्पांच्या स्वतःच्या गळ्यात शेवंतीचा हार होता.

"सोताचाच हार उचलून आणला की हो तुमी," सासूबाई म्हणाल्या.

अप्पांनी चष्मा पुसून फोटो दोनदा बघितला. "मंग तुझा कुठं गेला?"

"गाडीतच कोमेजला. तिकडं गेल्यावर कुणी टाकून दिला, कळलंच न्हाई."

अप्पांनी फ्रेम तिच्या मांडीवरून उचलली आणि पालथी ठेवली. ती त्यांनी किती दुपारी बसून केली होती हे मला माहीत होतं, त्यामुळं मला त्यांच्याकडं बघवेना. नणंदेनं ती परत ओढून घेतली.

"कावून पालथी घालायलेत? माझा हार असता तर इथंच भिंतीला लावा म्हणले असते. तुमचा हाय, म्हणून मी घेऊन जाते."

अप्पा उठून गच्चीवर गेले. थोड्या वेळानं मी चहा घेऊन गेले तर डोळे पुसून डब्यांना पाणी घालत होते. "मुंगी पडली का बघ गं," असं कप माझ्यापुढं करत म्हणाले, म्हणजे मी चहाकडं बघावं, त्यांच्याकडं नाही.

नणंद सोलापूरच्या एसटीत बसली तेव्हा फ्रेम साडीत गुंडाळून तिच्या मांडीवर होती. पोचल्यावर तिनं फोन केला, दिवाणखान्यात लावली म्हणून. मग व्याह्यांनी फोन घेतला आणि आपल्याही हाराचं काही करता आलं असतं का, असं विचारलं. अप्पा त्यांच्याशी इतका वेळ बोलले की भात गार झाला.

त्याच श्रावणात आम्ही कपिलधारला दर्शनाला गेलो. धबधब्याच्या बाजूच्या ओल्या कातळावर अप्पा वाकून काहीतरी बघत होते. मी जवळ गेले. बारीक नेच्याची पानं होती.

"हे दाबल्यावर हिरवं राहतंय का?" त्यांनी विचारलं.

"राहतंय बऱ्यापैकी. पण घरी जाईस्तोवर सुकाया नको."

त्यांनी टोपी काढली, पाण्यात भिजवली आणि पानं तिच्यात ठेवून ती दोन्ही हातांनी धरली. जीपमध्ये बसेपर्यंत तशीच धरून चालले.