हसला की पडायचा

फिरक्याचा वस्तरा आणि त्याची जीभ एकाच वेळी चालायची, आणि गिऱ्हाईक दोन्हींसाठी यायचं. दुकान दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर थोरला भाऊ, त्याला गिऱ्हाइकंसुद्धा दादाच म्हणत. हा दादा मान खाली घालून काम करणार आणि बोललाच तर 'हं' म्हणणार. दुसऱ्या खुर्चीवर फिरक्या. येईल त्याची फिरकी घ्यायची सवय म्हणून हे नाव पडलं आणि असं चिकटलं की खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. दादाची खुर्ची रिकामी असली तरी लोक बाकावर फिरक्यासाठी ताटकळत बसायचे. दादाला ते लागत नसेल असं कोण म्हणेल? पण दाढी करावी तर धाकट्यानंच, हे तोही कबूल करायचा. कानामागे, हनुवटीखाली, गळ्याच्या घाटीवर, जिथे भल्याभल्यांचा हात बिचकतो तिथे फिरक्याचा हात गप्पा मारत मारत फिरून यायचा.

असा हा माणूस एक दिवस स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खाली गेला. गुडघे वाकले, मान छातीवर आली, हातातला कंगवा सुटला आणि गडी फरशीवर. बाकावरच्यांची हसून पुरेवाट झाली. एकाने टाळ्या वाजवल्या, दुसरा म्हणाला, काय नाटक्या माणूस आहे बघा. थोड्या वेळात अंगात जीव आला तसा फिरक्या उठला, सगळे हसताहेत हे पाहिलं आणि रंगमंचावरच्या नटासारखा कमरेत वाकला. घोळ झाला तो तिथेच. दुसरा कोणी असा पडला असता तर लोकांनी पाणी आणलं असतं, रिक्षा बोलावली असती. फिरक्या पडला म्हणजे सोंग. आणि ते सोंग नव्हतं हे सांगायला त्याची जीभ रेटेना. पुढच्या वेळी पडला तेव्हा वन्समोअर आला.

खाली पडलेला असताना त्याला सगळं ऐकू यायचं. कोण काय बोललं, कोणी खुर्ची सरकवली, बाहेर कोणाची सायकल थांबली, सगळं. पण करंगळीसुद्धा हलत नसे. लोक हसत असायचे आणि आत हा बिचारा घाबरून अर्धा झालेला असायचा.

त्यात झोप. दिवसाढवळ्या, उभ्या उभ्या यायची ती झोप, आणि रात्री पोटभर झोपूनसुद्धा यायची. एक तरुण नोकरीच्या मुलाखतीला जायचं म्हणून केस जरा बारीक करायला बसला. फिरक्याच्या डोळ्यांवर पडदा आला, पण कात्री काही थांबली नाही. जाग आली तेव्हा पोराची उजवी बाजू साफ उडालेली होती आणि तो आरशात बघून रडकुंडीला आला होता. मग लोकांनी कारण शोधून काढलं. फिरक्या घेतो. दुपारीच घेतो. त्या दिवशी तो घरी आल्यावर बायको उगाच जवळ येऊन उभी राहिली. ती आपल्या तोंडाचा वास घेते आहे हे त्याला कळलं, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याने तिलाही सांगितली नव्हती. कधी कधी पहाटे जाग यायची, डोळे उघडे असायचे आणि अंग दगड झालेलं असायचं. छातीवर कोणीतरी बसलेलं असायचं. त्याचं वजन जाणवायचं, श्वास ऐकू यायचा. हे कोणाला सांगितलं तर आपल्याला वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि मग हेडसरांचं झालं. हेडसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जुनं गिऱ्हाईक. फिरक्याला लहानपणी वर्गात उभं करणारे, आणि आता त्याच्यापुढे निवांत मान मागे टेकून बसणारे. गळ्यावर फेस होता, वस्तरा घाटीजवळ होता. सरांनी डोळे मिटल्या मिटल्या आपल्या सुनेच्या गाडी शिकण्याचा किस्सा सांगायला घेतला. फिरक्याला हसू आलं. जबडा सैल पडला, मग गुडघे. नशीब बलवत्तर म्हणून हात खाली जाता जाता बाहेर वळला. पातं जबड्याच्या कडेवरून कानापर्यंत गेलं. पांढरा फेस लाल झाला. सर टॉवेल दाबून उठले आणि पायाशी पडलेल्या फिरक्याला त्यांचं रक्त आपल्या मनगटावर टपकताना कळत होतं. गरम होतं ते.

टाक्यांवर निभावलं. सरांनी तक्रार केली नाही. पण दादाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, वस्तरा कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा लांबलचक बोलला.

"बोट इकडचं तिकडे झालं असतं तर आज सर गेले असते आणि तू आत गेला असतास. खरं काय ते सांग. पितोस?"

"नाही दादा."

"मग हे सोंग कशाला?"

 फिरक्याला रडू आलं, आणि रडताना मात्र तो पडला नाही, त्यामुळे दादाचा संशय आणखीच पक्का झाला.

बायको त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. पहिल्याने रक्त तपासलं, साखर पाहिली, थायरॉइड पाहिलं, सगळं ठीक निघालं. म्हणाला, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या. दुसऱ्याने डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. आलेखात काही सापडलं नाही, तरी फिट येत असणार म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी झोप दुप्पट झाली. फिरक्या केस झाडताझाडता लांब दांड्याच्या झाडूवर टेकून झोपायला लागला. पडणं चालूच होतं. दुकानात दादाने चेष्टामस्करी बंद केली. घरातही बायकोने मुलीला दटावून ठेवलं की बाबाला हसवायचं नाही. मुलगी शाळेत जायच्या वयाची आणि बापाच्याच वळणाची. तिला हसू आवरलं नाही की ती ओंजळीत तोंड खुपसून मागच्या दाराने बाहेर पळायची.

फिरक्याला एकच ध्यास होता, वस्तरा परत हातात यावा. आपण दुसरं काय आहोत? केस कापायचं मशीन काय, कोणीही फिरवतो.

शेवटी हेडसरांनीच एका झोपेच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. झोपेचाही डॉक्टर असतो हे ऐकून दादा म्हणाला, उद्या जांभईचा निघेल. पण आला तो बरोबर.

बाईंच्या बाहेरच्या बाकावर नाना तऱ्हा होत्या. एक जाडजूड ट्रकवाला झोपेत घोरता घोरता श्वासच थांबतो म्हणून नाकावर हवेचा मुखवटा लावायला शिकत होता. एक शिक्षिका रात्रभर छत बघत बसायची, तिला गोळीऐवजी झोपायच्या सवयी बदलायला सांगितलं होतं आणि ती त्यावर नाराज होती. एका म्हाताऱ्यांना अंथरुणावर पडलं की पाय हलवल्यावाचून राहवत नसे. बाईंनी फिरक्यालाही हे सगळं विचारलं. घोरतो का, पाय वळवळतात का, झोपतो किती वाजता, कुठली गोळी चालू आहे. मग विचारलं, पडताना शुद्ध जाते का?

"नाही. सगळं ऐकू येतं," फिरक्या म्हणाला.

"आणि पडता कशाने?"

"हसलो की. स्वतःच्या विनोदावर जास्त."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहाटे अंग लाकडासारखं होतं का, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं का, असं त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारलं की फिरक्या गांगरला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि हो म्हणाला. बायकोने त्याचा हात धरला. एवढे दिवस एकटाच भीत होता मेला, असं तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरले.

बाई म्हणाल्या, हे पडणं डोळ्यांनी बघायला मिळालं तर आजाराचं निदान सोपं होईल. हसवा त्यांना. आता आली का पंचाईत. फिरक्या भीतीने ताठ झालेला, बायकोला विनोद सांगता येत नाही. ती काहीबाही बोलली, कोणी हसलं नाही.  तेव्हा दादा उठला. वर्गात कविता म्हणायला उभं केल्यासारखा हात बाजूला धरून उभा राहिला, घसा खाकरला आणि गंभीरपणे म्हणाला, "एक होता न्हावी."

सगळे थांबले. दादाही थांबला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "पुढचं विसरलो."

फिरक्याच्या पोटातून हसू उसळलं. जबडा लोंबला, मान गेली, तो खुर्चीवरून घसरला. बाईंनी चटकन बसून त्याच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, जागचा हलला नाही. पुन्हा मारली, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, बघा, हे कोणालाही मुद्दाम करता येत नाही. दादा वाकला. भावाचे डोळे अर्धे उघडे होते आणि ते दादाकडेच बघत होते.  दादा खाली बसला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन अंगात जीव येईपर्यंत बसून राहिला.

फिटच्या गोळ्या बाईंच्या सांगण्याने हळूहळू बंद झाल्या. मग तपासणी झाली. एक रात्र अंगभर तारा लावून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या वेळाने दिवसा झोपायला लावलं. दर खेपेला फिरक्या पडल्या पडल्या झोपला आणि लगेच स्वप्नात शिरला. बाईंनी समजावलं. याला नार्कोलेप्सी म्हणतात. स्वप्न पडतं तेव्हा शरीर मुद्दाम ढिलं होतं, नाहीतर माणूस स्वप्नातच धावत सुटेल. तुमच्या मेंदूत जागं ठेवणारं एक रसायन कमी पडतं, म्हणून तो ढिलेपणा भलत्या वेळी येतो. हसताना आला की पडता, पहाटे आला की अंग दगड होतं. वेड नाही, व्यसन नाही. मुळातून बरं होत नाही, पण आवरता येतं. जागं राहायला सकाळी एक गोळी, पडणं थांबवायला दुसरी, रात्रीची ठरलेली झोप आणि दिवसातून दोनदा दुकानातच थोडी डुलकी. आणि गाडी चालवायची नाही. वस्तऱ्याचं विचारलं तर म्हणाल्या, बरेच महिने एकदाही पडला नाहीत तर बघू.

बरेच महिने एकदाही नाही. फिरक्याने हे घोकलं. गोळ्यांनी फरक पडला, झोप आटोक्यात आली. दुपारी बाकावर आडवा झाला की दादा गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून गप्प करायचा. पण पडायचं नाही म्हणजे नाही, म्हणून फिरक्याने त्यावर आपला उपाय काढला. हसायचंच नाही. कोणी विनोद सुरू केला की तो मनात पाढे म्हणायचा. मुलगी काही सांगायला आली की उठून हात धुवायला जायचा. चेहरा असा ठेवला की नवीन माणूस त्यालाच दादा समजायचा. महिने गेले, तो पडला नाही. बाई खूश झाल्या. महिने कसे काढले ते त्याने त्यांना सांगितलं नाही.

दादाने किल्ली काढली, वस्तरा परत आला. पहिली दाढी फिरक्याने दादाचीच केली. हात तोच होता, ओरखडाही नाही. पण एकदा पडलास तर परत मागायचा नाही, असं दादाने बजावलं आणि फिरक्याने मान डोलावली. वस्तरा चालायला लागला. दुकानात पात्याचा आवाज तेवढा यायचा. बाकावर आता कोणी त्याच्यासाठी ताटकळत नव्हतं.

एका संध्याकाळी तो जरा लवकर घरी आला. दाराबाहेरूनच मायलेकींचं हसणं ऐकू आलं, पोट धरून चाललेलं. त्याने दार ढकललं. दोघींचे चेहरे एकदम सरळ झाले. मुलगी वहीत बघायला लागली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मुलगी म्हणाली.

"सांग की."

तिने आईकडे पाहिलं. "नको बाबा. तू पडशील. मग दादाकाका तुझा वस्तरा घेईल."

फिरक्या तसाच उभा राहिला. आपल्या घरात आपण आलो की हसणं बंद होतं. परीक्षा घ्यायला आल्यासारखे येतो आपण. त्याला स्वतःची लाज वाटली आणि भयंकर एकटं वाटलं. त्याने चपला काढल्या, सतरंजी ओढली, पाठीमागे उशी घेतली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"आता सांग."

ती आधी चाचरत बोलली, मग रंगली. वर्गातल्या बाईंची नक्कल, त्यांचं शिंकणं, फळ्यामागे लपलेलं मांजर. फिरक्या हसला. महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. जबडा गेला, मान गेली, तो उशीवर कलंडला. मुलगी घाबरून गप्प झाली. आई म्हणाली, त्याला सगळं ऐकू येतंय, तू पुढचं सांग. मग ती त्याच्या तोंडाजवळ बसली आणि मांजर वर्गातून बाहेर जाईपर्यंत सांगत राहिली.

सकाळी दुकान उघडल्यावर फिरक्याने वस्तरा पुसून दादापुढे धरला.

"का रे? इतके महिने पडला नाहीस."

"काल पडलो."

"कुठे?"

"घरी. मुद्दाम."

दादाने त्याच्याकडे पाहिलं.  मग वस्तरा घेतला, कपाटात ठेवला आणि फिरक्याला शेजारी घेऊन बाकावर बसला. "असं काय सांगितलं पोरीने?" त्याने विचारलं.

"सांगतो," फिरक्या म्हणाला, "पण मी आधी खाली बसतो."