वन्स मोअर

चिनू, रेवा, काल आमच्या वेस्ट विंडसरच्या वाचनालयात एक गंमत झाली. मी विसरण्याआधी तुम्हाला लिहून कळवते.

गुरुवारी आम्हा ज्येष्ठांचा गट जमतो. त्यात एक अमेरिकन बाई येतात. चाळीस वर्षं त्या जर्मनीत सोल गाणी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची काळजातून गायची गाणी, गायच्या. तिकडे सभागृहं भरायची, इथे मायदेशी त्यांना कुणी ओळखत नाही. त्या दहा मिनिटं आधी हजर असतात आणि उशिरा येणाऱ्याला जर्मनमध्ये दोन शब्द ऐकवतात. मला त्या फार आवडतात.

मध्यंतरी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर मात्र त्या गायल्याच नव्हत्या. काल सकाळी मला म्हणाल्या, "आज गाऊन बघते. जमलं नाही तर कायमचं बंद."

त्या बसूनच गायल्या. आवाज खरखरीत होता, वरचा सूर त्यांनी टाळला, तरी माझ्या अंगावर काटा आला. मी भान विसरून ओरडले, "वन्स मोअर!"

बाईंचा चेहरा पडला. "कुठे चुकले, डार्लिंग?"

अरे, मी इंग्रजीच बोलले होते की! पण इथे अशी दाद कुणी देत नाही. त्यांना वाटलं, चुकलं म्हणून मी मास्तरीणबाईंसारखी पुन्हा म्हणायला लावतेय.

"आमच्या नाटकात गाणं आवडलं की असंच ओरडतात," मी घाईघाईने सांगितलं. "मग पुन्हा गावंच लागतं."

"भलतीच कडक मंडळी तुम्ही!" म्हणत त्या हसत उभ्या राहिल्या, आणि या वेळी त्यांनी वरचा सूर थेट घेतला.

ऑपरेशनने आवाज बराच नेला आहे. तो सूर अजून आहे.