बाराबंदीची तेरावी नाडी

बायकोच्या परकरांच्या नाड्या मी चोरल्या नव्हत्या, तात्पुरत्या घेतल्या होत्या. या दोन गोष्टींतला फरक माझ्या सासुरवाडीला अजून कळलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आम्ही मूळचे करमाळ्याचे. नोकरीमुळे आणि बायकोमुळे सोलापूरकर झालो. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला सगळे गड्डा म्हणतात. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंचच उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत जिकडे बघावं तिकडे पांढरीशुभ्र बाराबंदी! (बाराबंदी म्हणजे बटणांऐवजी बारा बंदांनी बांधायचा अंगरखा.) मिरवणूक दारावरून जाते तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या घरून हार आणि नैवेद्याची भलीमोठी पितळी परात जाते. घरची रीत अशी, की परात एकदा उचलली की अर्पण होईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही आणि दुसऱ्याच्या हातातही द्यायची नाही. सासरे, म्हणजे आमचे मामा, ती स्वतः नेत. त्या वर्षी त्यांचा खांदा धरला.

"जावईबापू, औंदा परात तुमी घ्या," मामा फोनवर म्हणाले. "पर अंगात बाराबंदी पायजे बरं का. न्हाईतर वैरागच्या जावयाला सांगतो."

वैरागचा जावई म्हणजे माझा साडू! धान्याचा व्यापारी, मिशीला पीळ, आणि लग्नापासून मला 'करमाळकर' अशी हाक मारणारा. त्याच्या हातात परात जाऊ द्यायची? मेलो तरी नाही!

मी शिंप्याकडे धावलो. त्याने मानही वर न करता सांगितलं, "बाराबंदी? गड्डा झाल्यावर या की!"

गड्डा झाल्यावर बाराबंदी घालून मी काय भाजी आणायला जाऊ? मी रागारागाने घरी आलो आणि मोबाइल उघडला. त्यात एक बाई हसत हसत सांगत होत्या, 'घरातल्याच जुन्या कपड्यांतून करा सणाचा झटपट पोशाख!' (या बाई मला कुठे भेटल्या तर मी त्यांच्याशी दोन शब्द बोलणार आहे.) मी पांढरी चादर काढली, कापली, कच्चे टाके घातले. चादर मध्ये जरा विरलेली असल्यामुळे तो भाग टाळावा लागला, म्हणून अंगरखा कमरेपाशीच संपला. पण अंगरखा तो अंगरखाच!

प्रश्न उरला बंदांचा. घरात नाड्या असताना बंद विकत आणायचे, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. एका नाडीचे दोन तुकडे केले की दोन बंद. बायकोचे परकर झाले, माझे जुने लेंगे झाले, तरी शेवटचे दोन बंद कमीच. आता घरभर एकच नाडी शिल्लक होती, उद्या घालायच्या पांढऱ्या पायजम्याची. खरं तर बाराबंदीखाली धोतर नेसतात. पण धोतर मला जमत नाही, भर रस्त्यात सुटलं तर काय घ्या! म्हणून खबरदारी म्हणून पायजमा. मी त्याची नाडी ओढून काढली आणि तिथे एक दणकट सेफ्टी पिन लावली.

सकाळी आतून किंकाळी आली.

"अहो! माझ्या परकरांच्या नाड्या कुटं गेल्या?"

"तात्पुरत्या..."

"सणाच्या दिवशी मी काय बांधू?"

मी तिला पार्सलची सुतळी दिली. माणसाने तोडगा काढून द्यावा आणि वर बोलणीही खावीत! तीच करकचून बांधून ती सासरी पोचेपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालली.

मामा दारात खुर्चीवर, गुडघ्यांवर चादर घेऊन बसले होते. शेजारी साडू उभा. त्याची बाराबंदी शिवलेली, कडक इस्त्रीची.

"करमाळकर, बाराबंदी लई भारी की! पर घाईत कापड कमी पडलं व्हय?"

"नवी पद्धत आहे," मी म्हणालो.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बंद मोजले, आणि परात माझ्या हातात दिली. ती इतकी जड होती की माझे दोन्ही हात त्यातच गेले. पण साडूचं तोंड बघून मला ती फुलासारखी वाटली.

नंदीध्वज जवळ आले. गर्दीतून गजर उठला आणि मीही छाती भरून ओरडलो, "हर्र बोला हर्र!"

छातीबरोबर पोटही फुगलं. पिन उघडली.

पायजमा मांड्यांपर्यंत आला. मी गुडघ्याला गुडघा लावून तो अडवला. परात खाली ठेवता येईना, दुसऱ्याला देता येईना, आणि पायजमा थांबेना! वर बारा बंद कसे घट्ट, एकही हलला नव्हता.

"महादेवी!" मी बायकोला हाक मारली.

"सुतळी संपली!" ती थंडपणे म्हणाली.

साडू पुढे आला. "द्या की परात इकडं. तुमी आपला पायजमा सांभाळा."

"नाही!" मी गरजलो. त्या गरजण्यात पायजमा घोट्यांवर आला. निळ्या पट्ट्यांची चड्डी सोलापूरकरांना दिसली.

"यप्पा!" म्हणत मामा उठले. दुखऱ्या खांद्याचा विचार न करता त्यांनी आपली चादर झटकन माझ्याभोवती गुंडाळली आणि मागून घट्ट मुठीत धरली. तेवढ्यात समोरचं कोणीतरी म्हणालं, "जावयाचा सत्कार हाय वाटतं!" झालं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तसाच, पायात पायजमा फरफटत, मागे चादर धरलेले मामा, असा नंदीध्वजांपर्यंत गेलो आणि परात अर्पण केली.

परत आल्यावर साडू हसून हसून भिंतीला टेकला होता. मामा मात्र हसले नाहीत.

"पायजमा सोडला, पर परात न्हाई सोडली," ते साडूला म्हणाले. "इतून पुढं परात ह्यांचीच."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर मामांनी माझं कौतुक केलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

पुढच्या संक्रांतीला मामांनी माझ्या मापाची बाराबंदी शिंप्याकडून आधीच शिवून घेतली आणि भर माणसांत माझ्या हातात ठेवली. मी अभिमानाने घडी उघडली. आतून एक पायजमा निघाला, लहान पोरांचा असतो तसा, कमरेला इलॅस्टिकचा.

"वरचे बारा बंद आमी बगतो, जावईबापू," मामा म्हणाले. "तेरावा तेवडा तुमच्यावर सोडायचं धाडस न्हाई."