जळालेली किनार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बहिणीशी नाही, मुलीशी तर नाहीच. मग आज तुमच्याशी का बोलतेय? — कारण परवा माझ्या दिवंगत पतींच्या कामाचं प्रदर्शन होतं, आणि त्यांच्या एकुलत्या एका छापचित्रापुढे उभं राहून कुणीतरी म्हणालं, ‘थकत चाललेल्या हाताची रेघ किती हळवी असते, बघा.’ माझं डोकं फिरलं.

हळवी म्हणे.

हे शिल्पकार. येरवड्याच्या शेडमध्ये काळा दगड घडवत. मी शनिवार पेठेत दोन खोल्यांत लिथो छापायची — सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि ते कागदावर उतरवायचं. जन्म त्यात गेला. नाव झालं ते यांचं. बोचायचं का? बोचायचं. पण तेवढ्यावरून कुणी असं करतं?

एका उन्हाळ्यात यांना लहर आली. ‘बघू तुझा खेळ,’ म्हणाले. खेळ — हाच शब्द. आणि एका दुपारीत दगडावर चित्र उभं केलं. माणूस नाही, झाड नाही. एक कललेला काळा भार, आणि त्याला जेमतेम पेलणारी करड्या छटांची किनार. मला कधीच जमलं नव्हतं ते. बघताक्षणी कळलं. असा संताप झाला — अजून होतो.

छापण्याआधी दगडावर डिंकात किंचित ॲसिड मिसळून फासतात. चित्र त्यानेच टिकतं. ॲसिड जास्त झालं, तर नाजूक छटा जळतात. मी जास्त घातलं. चुकून नव्हे.

कागद उचलला, तर किनार तुटक, फाटल्यासारखी. हे बघतच राहिले.

‘काय झालं गं?’

गप्प बसता आलं असतं — नाही का? मी म्हणाले, ‘अहो, हात थरथरला असेल तुमचा. दगडावर लपत नाही ते.’

त्यांनी उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला. मग रोजच धरू लागले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पण यांचा विश्वास माझ्यावर — लिथोतलं मलाच कळत होतं ना? हळूहळू छिन्नी सुटली. शेडला कुलूप लागलं. आणि मी? मी त्यांना चहा अर्धा कपच देऊ लागले, सांडू नये म्हणून.

बऱ्याच वर्षांनी, जेवता जेवता, त्यांनी विचारलं, ‘माझ्या आधीच्या कामातही दिसायचं का गं तुला ते?’

नाही — एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, ‘थोडंसं.’